डॉक्टरांची चिठ्ठी आणि लॅबचा रिपोर्ट कसा वाचायचा : नवीन माणसासाठी, मेडिकलच्या काउंटरवरून

मी मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर असते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून इथं लांबलांबून पेशंट येतात, अर्धे तर कर्नाटकातले. दिवसातून वीसेक वेळा तरी कुणीतरी चिठ्ठी पुढं सरकवतं आणि विचारतं, "ताई, हे काय लिहिलंय ओ?" विचारतात त्यांची मला काळजी नसते. काळजी वाटते ती न विचारता पिशवी उचलून एसटी गाठणाऱ्यांची. घरी गेल्यावर रात्री नऊ वाजता गोळ्यांच्या पाकिटांपुढं बसून ही सकाळची का ती, असा अंदाज लावत बसतात, तेव्हा मेडिकल पण बंद आणि डॉक्टर पण फोन उचलत नाहीत.

म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. घरात पहिल्यांदाच कुणाचं आजारपण आलंय, आईवडिलांची फाइल आता तुमच्या हातात आलीय, अशांसाठी आहे हे. एक आधीच सांगते, हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही की वाढवायची नाही, कागदावरचं कळलं म्हणजे डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो, एवढ्यासाठीच हे आहे.

पहिली पायरी : चिठ्ठी वरून खाली वाचा, गोळ्यांवर उडी मारू नका

सगळ्यात वर नाव, वय, तारीख. हसू नका, पण एकाच आडनावाची दोन माणसं एकाच ओपीडीत असतात आणि कागद बदलतात, मी स्वतः बघितलंय. नाव आपलंच आहे ना हे डॉक्टरांच्या केबिनबाहेरच बघा.

त्याखाली तिरक्या रेघा मारलेली अक्षरं असतात. सी/ओ म्हणजे तुम्ही सांगितलेली तक्रार. एच/ओ म्हणजे आधी काय झालं होतं. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, त्याच्यापुढं डीएम लिहिलं असेल तर साखर, एचटीएन असेल तर बीपी, आयएचडी असेल तर हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा त्रास, सीकेडी असेल तर किडनीचा जुना आजार, सीव्हीए म्हणजे पक्षाघाताचा झटका. ओ/ई म्हणजे डॉक्टरांना तपासताना काय दिसलं. एनएडी लिहिलं असेल तर घाबरू नका, तपासणीत काही वावगं सापडलं नाही असा त्याचा अर्थ.

ही के/सी/ओ ची ओळ नीट वाचाच. तुम्हाला साखर आहे आणि तिथं डीएम लिहिलेलंच नाही, तर डॉक्टरांना ते कळलेलं नाही असं समजायचं आणि परत आत जाऊन सांगायचं. ॲलर्जीचं पण तसंच, पेनिसिलिन चालत नसेल तर ते कागदावर यायलाच पाहिजे, तुमच्या तोंडात राहून उपयोग नाही.

मग येतो तो आर, त्याच्या शेपटीवर फुली मारलेला. तो लॅटिन शब्द आहे, रेसिपे, म्हणजे "घ्या". तिथून खाली औषधं सुरू.

दुसरी पायरी : किती वेळा आणि कधी

इथं सगळी भाषा लॅटिन आहे. जुन्या काळी युरोपात वैद्यकीचं शिक्षण लॅटिनमध्ये व्हायचं, तिथून ही अक्षरं आली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडं पोचली. पाठ करायला सोपी आहेत. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा, काही डॉक्टर बीआयडी लिहितात, तेच ते. टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा. क्यूआयडी म्हणजे चारदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, एकदाच.

एसओएस वर जरा थांबते कारण त्यानं लोक फार घाबरतात. एक मावशी अक्षरशः रडकुंडीला आलेल्या, म्हणाल्या डॉक्टरांनी तोंडानं काही सांगितलं नाही पण कागदावर एसओएस लिहिलंय, म्हणजे ह्यांची तब्येत नाजूक आहे का? तसं नाहीये. औषधाच्या कागदावरचं एसओएस पण लॅटिनच आहे, त्याचा अर्थ "गरज पडली तर". ताप आला तर घ्या, दुखलं तर घ्या, नाहीतर नको. पीआरएन लिहिलं असेल तरी साधारण तोच अर्थ. पण दिवसात जास्तीत जास्त किती आणि दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, हे विचारल्याशिवाय एसओएस ची गोळी घरी न्यायची नाही. त्यातून ती पीसीएम असेल, म्हणजे पॅरासिटामॉल, तर जास्तच जपा, कारण सर्दीच्या गोळीत पीसीएम असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत तर असतंच. नावं तीन वेगळी, आत औषध एकच, आणि ते जास्त झालं की थेट लिव्हरवर जातं.

आपल्याकडं बरेच डॉक्टर आता १-०-१ असं लिहितात, ते मला फार आवडतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. चार आकडे असतील तर संध्याकाळचा एक डोस वाढलाय असं समजा. शून्य आणि एक घाईत लिहिलेले असतील तर काउंटरवर बोट ठेवून विचारा.

जुने डॉक्टर दिवस लिहितात ते असं, ५/७. याला तारीख समजून पाच जुलैपर्यंत गोळ्या घेणारे पण मी बघितलेत. ही इंग्रजांची पद्धत आहे, खालचा आकडा ७ असेल तर दिवस, ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने. म्हणजे ५/७ पाच दिवस, २/५२ दोन आठवडे, ३/१२ तीन महिने. एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही.

आणि हो, ओडी चा दुसरा अर्थ पण आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं, चष्म्याच्या नंबरच्या कागदावर, ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. तीच दोन अक्षरं, पोटाच्या गोळीपुढं "दिवसातून एकदा" आणि डोळ्याच्या कागदावर "उजवा". मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ड्रॉप कुठल्या डोळ्यात आणि किती वेळा, ह्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा आणि बाटलीच्या खोक्यावर पेनानं मराठीत लिहून घ्या, कारण त्या चार-सहा आठवड्यांत डोसही बदलत जातो आणि बाटल्याही दोन-तीन असतात.

तिसरी पायरी : आकडा आणि त्याच्या शेजारचं एकक

माझ्या मते जिवाला धोका असलेल्या चुका सगळ्यात जास्त इथं होतात, त्यामुळं इथं घाई करायची नाही.

एमजी म्हणजे मिलिग्रॅम. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमचा हजारावा भाग. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, २५, ५०, १०० अशी. बाटलीवर ५० बघून "एवढी पॉवर?" म्हणून घाबरणारे येतात, त्यांना सांगते की ही ५० म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. आणि ती अनशापोटी घ्यायची, चहाच्या निदान अर्धा तास आधी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. माझी आई कित्येक महिने चहाबरोबरच घेत होती, टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, काही खाली येईना, डॉक्टर डोस वाढवत होते आणि मी, ह्याच धंद्यातली, घरी कधी विचारलंच नाही की तू घेतेस कशी. फक्त वेळ बदलल्यावर पुढच्या रिपोर्टमध्ये फरक दिसला.

आययू म्हणजे इंटरनॅशनल युनिट. व्हिटॅमिन डी च्या पाकिटावर ६०,००० लिहिलेलं असतं ते हे, आणि ते बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच असतं. रोज नाही. आठवड्याच्या औषधांसाठी मी एकच आग्रह धरते, वार ठरवा. "आठवड्याला एक" असं नाही, "दर रविवारी". सांधेवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी खाली येतात, तोंड सोलून निघतं, माणूस दगावू शकतो. तिच्याबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी असते ती वेगळ्या दिवशी, दोन्ही दिसायला बारीक पिवळ्या असू शकतात. ही गोळी कुणाला चालू असेल तर आज घरी जाऊन डबी उघडून बघा, एवढं माझं ऐका.

आता इन्सुलिन. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका एमएल मध्ये ४० युनिटवाली आणि एका एमएल मध्ये १०० युनिटवाली. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. बाटली आणि सिरिंज जुळलीच पाहिजे. एक काका ४० ची बाटली न्यायचे, पुतण्यानं कुठूनतरी केशरी टोपणाच्या सिरिंज आणून दिल्या. काका २० च्या रेघेपर्यंत भरायचे, अगदी चष्मा लावून, उजेडात धरून, हवेचा बुडबुडा काढून. सगळं बरोबर. पण त्या सिरिंजवरची २० ची रेघ म्हणजे ०.२ एमएल, आणि ४० च्या बाटलीतलं ०.२ एमएल म्हणजे फक्त ८ युनिट. साखर तीनशेच्या खाली येईना आणि घरचे म्हणत होते की हे चोरून गोड खातात. उलटं झालं असतं तर? १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज, २० च्या रेघेला २० च्या जागी ५० युनिट गेले असते, झोपेतच साखर उतरली असती. त्यामुळं दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही बघूनच सिरिंज हातात घ्या.

युनिटसाठी नुसता यू लिहितात ते पण धोक्याचं, १० च्या पुढं काढलेला गोल यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. १.० मधला टिंब पुसट असेल तर १० वाचलं जातं, आणि .५ च्या आधी शून्य नसेल तर ५. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये असली अक्षरं वापरूच नका म्हणून यादी काढली, त्यात हा यू, हा मागचा शून्य आणि हा पुढचा नसलेला शून्य, तिन्ही आहेत. आपल्याकडं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्ये नियम बदलून सांगितलं की डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नाही तर आतल्या औषधाचं, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. तेव्हा "डॉक्टर, जरा सुटं लिहून देता का" असं म्हणण्यात लाजायचं काही कारण नाही, नियमच तसा आहे.

चौथी पायरी : गोळीच्या नावामागची शेपटी

नाव ओळखीचं वाटलं म्हणून तीच गोळी असं नसतं. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर ह्या शेपटीचा अर्थ औषध हळूहळू सुटतं. अशी गोळी चावायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एका दमात पोटात जातं. आजोबांना गिळता येत नाही म्हणून घरात खलबत्त्यात गोळ्या कुटतात, प्रेमानंच करतात, पण आधी विचारा. डीटी मात्र पाण्यात विरघळवायचीच असते, ती लहान मुलांना देतात. एमडी बऱ्याचदा जिभेवर विरघळते.

बाकीची शेपटी म्हणजे आत मिसळलेलं दुसरं औषध. बीपीच्या गोळीमागं एच असेल तर लघवी वाढवणारं औषध, एएम असेल तर ॲम्लोडिपिन. ॲसिडिटीच्या गोळीमागं डी असेल तर उलटीचं डॉम्पेरिडोन. अँटिबायोटिकमागं सीव्ही असेल तर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. पण ह्या शेपट्या प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं लावते, सगळीकडं एकच नियम नाही, म्हणून शेवटी पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव हेच खरं. मोबाइलनं फोटो काढा, मोठा करा, वाचता येतं.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय म्हणून शेजारच्यांना देऊ नका, कृपा करून.

पाचवी पायरी : लॅबचा रिपोर्ट

रिपोर्ट हातात आला की लोक ठळक छापलेला आकडा बघतात आणि गूगल करतात, मग रात्रभर झोप नाही. त्याऐवजी असं करा. आधी नाव आणि तारीख. मग आकडा, त्याचं एकक, आणि शेजारी त्या लॅबची नॉर्मलची हद्द. ह्या तिन्ही गोष्टी एकत्रच वाचायच्या. एच छापलंय म्हणजे हद्दीच्या वर, एल म्हणजे खाली, एवढाच त्याचा अर्थ, आजार असा नाही.

पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत हे दरवर्षी होतं, प्लेटलेट्स कालच्या लॅबमध्ये १,५०,००० आणि आज दुसरीकडं १५०. मुलगा धावत येतो, "ताई, दीडशेच राहिल्यात!" एकक बघितलं तर दुसऱ्या लॅबनं हजारात छापलंय, १५० हजार, म्हणजे तेवढ्याच. नॉर्मल साधारण दीड ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशींचं, टीएलसी किंवा डब्ल्यूबीसीचं, तसंच, ६५०० आणि ६.५ एकच असू शकतात.

एकाच टेस्टला दोन नावं असतात ते पण माहीत असू द्या. एसजीपीटी म्हणजेच एएलटी, एसजीओटी म्हणजेच एएसटी, दोन्ही लिव्हरच्या. केएफटी आणि आरएफटी दोन्ही किडनीच्याच. पण यूरिया आणि बीयूएन हे जवळचे असले तरी आकडा वेगळा, बीयूएन ला साधारण २.१४ नं गुणलं की यूरिया येतो, त्यामुळं एकीकडं १४ आणि दुसरीकडं ३० आलं तर किडनी एका आठवड्यात बिघडली असं नाही. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, म्हणजे हे गोंधळच होत नाहीत.

साखरेचं थोडक्यात. एफबीएस अनशापोटीची, पीपीबीएस जेवणानंतर दोन तासांची. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, कारण लाल पेशी जवळपास १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला चिकटलेली साखर ह्यात मोजतात. आदल्या दिवशी भात सोडून हा आकडा खाली येत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात, मधलं ते काठावरचं. आणि एचबी आणि एचबीए१सी हे एक नाही, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. अंगात रक्त फारच कमी असेल तर एचबीए१सी फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

सोनोग्राफी, सीटी, बायोप्सीच्या रिपोर्टात शेवटचा परिच्छेद आधी वाचा, इम्प्रेशन नावाचा. वरची दोन पानं मोजमापांची असतात. डब्ल्यूएनएल म्हणजे नॉर्मलच्या हद्दीत. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर. आणि "निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी" हे वाक्य पूर्ण वाचा, लोक फक्त शेवटचा शब्द वाचतात आणि पायातलं बळ जातं. निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते दिलेल्या नमुन्यात सापडलं नाही.

सहावी पायरी : लांब शब्द तोडून वाचायचे

हे आलं की निम्मी भीती जाते. शब्दाच्या शेवटाकडून वाचा. आयटिस असेल तर दाह, सूज, जसं अपेंडिसायटिसला मराठीत आंत्रपुच्छदाह म्हणतात. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. स्कोपी म्हणजे आत दुर्बीण घालून बघणं. ऑस्टॉमी म्हणजे बाहेर तोंड काढणं, कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं पोटावर काढतात. ईमिया म्हणजे रक्तातलं काहीतरी, यूरिया शब्दाच्या शेवटी असेल तर लघवीतलं (मघाची यूरियाची टेस्ट वेगळी), हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त. सुरुवातीला हेपॅट असेल तर लिव्हर, नेफ्र किंवा रीनल असेल तर किडनी, टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद.

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. ऐकायला दोन्ही एकसारखेच, फोनवर तर कळतच नाही, म्हणून मी नेहमी विचारते, "जास्त का कमी?" साखरेच्या पेशंटला तर हा फरक मिनिटांचा असतो. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर उतरलीय, घाम फुटलाय, हात थरथरतायत, माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

ॲडमिट असताना आणि सुट्टी होताना

कॉटला एनबीएम ची पाटी लावली असेल तर तोंडानं काहीच नाही, पाणी पण नाही. काही ठिकाणी एनपीओ लिहितात. भूल देताना पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ नये म्हणून ते असतं, "एक घोट चहानं काय होतंय" असं म्हणून कुणी पाजू नका. बीपीची किंवा साखरेची सकाळची गोळी घ्यायची का, हे मात्र आदल्या रात्रीच सिस्टरना विचारून ठेवा.

डिस्चार्ज कार्डावर डामा किंवा लामा लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तुम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट घरी नेलाय, सही करण्याआधी हे समजून घ्या. आणि कार्ड हातात आलं की आधीच्या चालू गोळ्या आणि नवीन यादी शेजारीशेजारी ठेवून प्रत्येक गोळीपुढं विचारा, ही चालू, ही बंद, का ही बदलली? रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दोनदा विचारा. जुनी आणि नवी अशी दोन वेगळ्या नावांची पण एकच गोळी दोन्ही डब्यांत असणं, हे मी महिन्यातून एकदा तरी बघते.

मग एका कोऱ्या कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात : गोळीचं नाव, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी का नंतर, किती दिवस. वर ॲलर्जी, खाली तारीख. त्याचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये. कागद घेऊन पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर या आणि म्हणा, "ताई, एवढं बरोबर आहे का बघा." गर्दी असली तरी बघतो आम्ही. दोन मिनिटं बाजूला थांबा फक्त.